पनवेलच्या वाटेवरचा खाऊ आणि गडावरचे खापर

कोकणातून मुंबई-पुण्याकडे परतणारा प्रवासी पळस्पे फाट्याच्या जवळ आला की त्याला एकाएकी घरच्यांची आठवण होते. शेजारच्या काकूंनी आमसुले सांगितली होती, कचेरीतल्यांसाठी काहीतरी न्यायला हवे, आणि आठ दिवस रत्नागिरी-मालवण हिंडून पिशवीत तर केवळ ओले कपडे आहेत. मग पनवेलच्या रस्त्यावरच्या दुकानात आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचे आगळ, कुळथाचे पीठ यांची घाईने खरेदी होते आणि घरी ते सारे ‘कोकणातून आणलेले’ म्हणून वाटले जाते. या खरेदीची थट्टा करण्याची आपल्याकडे रीतच आहे. आजचा हा धागा त्या थट्टेविरुद्ध आहे. त्याचबरोबर, प्रवासातून आणल्या जाणाऱ्या ज्या एका वस्तूची कोणी थट्टा करत नाही, उलट कौतुक करते, तिच्याही विरुद्ध आहे.

आधी पनवेलची बाजू. हे गाव फार जुन्या काळापासून दुसरीकडच्या वस्तू प्रवाशाच्या हाती देत आले आहे. खाडीच्या काठचे हे बंदर. घाटावरचा माल बोरघाट उतरून येथे यायचा आणि गलबतांत भरून मुंबईला जायचा. मुंबईचा माल आणि माणसे उलट दिशेने यायची. मुंबईहून पुण्याला जाणारा मनुष्य पनवेलपर्यंत होडीने येई आणि पुढे पालखीने, घोड्यावरून किंवा पायी घाट चढे. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० साली, बोरघाटातून चाकांच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता झाला आणि ही वर्दळ आणखी वाढली. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलच्या एका खास धंद्याची नोंद आहे, तो म्हणजे बैलगाडीची चाके. देशावरचे गाडीवान माल उतरवून परतताना येथून चाके नेत. पनवेलची आठवण म्हणून कोणी काही नेले असेल, तर ते हे! कपाटात ठेवण्याजोगे नाही, पण गावी गेल्यावर चारचौघांत दाखवण्याजोगे निश्चित.

पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. ती कल्याण-कर्जतवरून गेली आणि पुण्याचा प्रवासी पनवेलला मुकला. शंभराहून अधिक वर्षांनी महामार्गांनी तो परत आणून दिला. तेव्हा आज कोणी पनवेलला थांबून मालवणचे खाजे घेत असेल, तर तो या गावाचा जुनाच व्यवसाय चालू ठेवतो आहे, असे मला वाटते. ती वस्तू कोठे विकत घेतली, हा प्रश्न गौण आहे. ती कोणासाठी घेतली, हे अधिक महत्त्वाचे.

हे नीट समजण्यासाठी पनवेलच्या दक्षिणेला, पेण तालुक्यातल्या वरसई गावी जावे लागेल. या गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, शहराची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, मिळवलेले द्रव्य हातचे गेले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक आपण सत्तावनच्या हकिगतींसाठी वाचतो आणि ते योग्यच आहे. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते छापले, तेही त्या हकिगतींचे मोल ओळखूनच. परंतु त्या प्रवासाच्या शेवटाकडे आपले लक्ष कमी जाते. ज्याच्यासाठी निघाले तो पैसा बराचसा गेलेला असताना या गृहस्थांनी घरी काय आणले? गंगेच्या पाण्याची कावड. शेकडो कोस ती खांद्यावरून वाहून आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

आईवडील काशीला जाऊ शकत नव्हते, म्हणून काशी त्यांच्या अंगणात आली. आपल्याकडच्या जुन्या प्रवासातून येणाऱ्या बहुतेक वस्तूंचा अर्थ हाच आहे. काशीहून परतलेल्या माणसाने मावंदे घालायचे, म्हणजे गंगापूजन करून आप्तेष्टांना जेवू घालायचे आणि गंगाजल तीर्थ म्हणून वाटायचे. पंढरपूरहून बुक्का आणि तुळशीची माळ, जेजुरीहून भंडारा, काशीहून काळा गंडा. जो जातो तो मागे राहिलेल्यांचा ऋणाईत असतो. त्याच्या पश्चात कोणीतरी गुरे सांभाळलेली असतात, दिवा लावलेला असतो, म्हातारीला औषध दिलेले असते. परत येताना हात रिकामे नसावेत, ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. यात्रेचे पुण्य वाटून देण्याची ती रीत होती. ‘खाऊ’ हा आपला साधा शब्दही तेच सांगतो. तो साठवून ठेवायचा नसतो.

या वस्तूंचा आणखी एक गुण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा. त्या नेल्याने ज्या ठिकाणाहून नेल्या ते ठिकाण उणे होत नाही. गंगेचे दोन गडू पाणी कमी झाले म्हणून गंगा अडत नाही. काही ठिकाणी तर नेल्यामुळे भर पडते. सावंतवाडीची गंजिफा हे याचे उत्तम उदाहरण आहे. हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची ही कला गेल्या शतकात विझत आली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात चित्रकार बसवले आणि तिला पुन्हा उभे केले. तेथे जाऊन पत्त्यांचा एक डाव विकत घेणारा प्रवासी त्या चित्रकाराच्या पुढच्या डावाची सोय करत असतो. लाकडी फळे आणि खेळणी घेणाराही तसाच.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. त्याच्यासाठी पनवेलहून फार दूर जायला नको.

गोवा महामार्गावर थोडे पुढे गेले की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. पायथ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ पासूनचे; किल्ला त्याहून कितीतरी जुना. निजामशाही, पोर्तुगीज, मोगल, मराठे, अशा अनेकांच्या हाती तो गेला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो होता आणि १६७० मध्ये महाराजांनी तो परत घेतला. पावसाळा संपला की गडावर गर्दी होते आणि मग समाजमाध्यमांवर छायाचित्रे येऊ लागतात: तळहातावर ठेवलेला खापराचा तुकडा, झिलई असलेली एखादी कपची, गंजलेला खिळा, क्वचित नाणे. खाली लिहिलेले असते, ‘महाराजांच्या पदस्पर्शाने पावन झालेली आठवण’. ही कर्नाळ्याचीच गोष्ट नाही. सह्याद्रीतला कोणताही गड घ्या. त्याखाली शेकडो लोक हात जोडतात. ‘हे परत ठेव’ असे सांगणारा एखादाच, आणि त्याला इतिहासद्वेष्टा ठरवले जाते.

भक्ती खरी आहे, यात मला शंका नाही. म्हणूनच या विषयावर लिहिणे अवघड जाते. ज्याला गडाविषयी काहीच वाटत नाही तो खापर उचलत नाही. तो फार तर वेफरचे पाकीट टाकून जातो. खापर उचलतो तो प्रेमाने. पण त्या प्रेमाने काय होते, ते पाहण्यासाठी बंदरापलीकडे जाऊ. कर्नाळ्याच्या माथ्यावरून स्वच्छ हवेत मुंबई बंदराचा परिसर दिसतो. त्या बंदरात घारापुरी आहे, आपल्या शेजारच्या उरण तालुक्यातली.

घारापुरीची मुख्य लेणी कोणी खोदवली, याचे निर्विवाद उत्तर आज आपल्यापाशी नाही. एवढी भव्य महेशमूर्ती, आणि तिच्या कर्त्याचे नाव नाही. असे नेहमीच होते असे नव्हे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतु लिहितो की, लेण्यांच्या दाराशी एक मोठा कोरीव लेख होता. पोर्तुगिजांनी तो शिळेसकट काढला आणि वाचून घेण्यासाठी राजा तिसरा जोआंव याच्याकडे पोर्तुगालला पाठवला. तेथे तो कोणालाही वाचता आला नाही. त्यानंतर ती शिळा कोठे गेली, ते आजवर कळलेले नाही. नेणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, उलट जिज्ञासेचा होता. परिणाम मात्र असा की, विद्वान आजही कलचुरी, कोकणचे मौर्य अशी नावे घेत वाद घालत बसले आहेत.

हे पुरले नाही म्हणून की काय, १८६४ साली बेटावरचा दगडी हत्तीही इंग्लंडला न्यायचे ठरले. ज्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले, तोच हा हत्ती. उचलताना यारी तुटली आणि आधीच खिळखिळा झालेला हत्ती फुटला. पुढे तुकडे जुळवून तो उभा केला. आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, जिजामाता उद्यानात आहे. मुले त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात आणि घारापुरीला जाणाऱ्या पर्यटकाला नावाचा हत्ती दिसत नाही.

आता याच बेटाची दुसरी कथा पाहा. कलचुरी राजा कृष्णराज याची हलक्या किमतीची नाणी घारापुरीवर सापडली. रोजच्या व्यवहारात फिरणारी, कदाचित लेणी खोदणाऱ्यांच्या मजुरीत दिली गेलेली चिल्लर. एखाद्या हौशी संग्राहकाने त्यांना रुमालात गुंडाळून नेले असते, तर ती आज कोणाच्या तरी कपाटात ‘एक जुने नाणे’ म्हणून पडली असती. ती या बेटावर सापडली ही नोंद राहिली, म्हणून आज अनेक अभ्यासक लेण्यांचा काळ सहाव्या शतकाच्या मध्याकडे नेतात आणि कलचुरींचे नाव पुढे करतात. शिळा गेली, ती उणीव थोडीफार भरून काढली ती या क्षुद्र नाण्यांनी.

खापराचेही असेच आहे. चिनी मातीची कपची गडाच्या कोणत्या भागात, कोणत्या थरात, कशाच्या सोबत मिळाली, यावरून तेथे कोण राहत होते, कोणत्या बंदरातून माल येत होता, वाडा कोणता आणि शिबंदीची घरे कोणती, हे सांगता येते. दिवाणखान्यात ठेवलेली तीच कपची काहीही सांगत नाही. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या पवित्र खडकावरून पर्यटकांनी नेलेले दगड पुढे पश्चात्तापाच्या पत्रांसह टपालाने परत येतात. उद्यानाच्या लोकांपुढे अडचण अशी की, ते नेमके कोठून उचलले ते कोणालाच ठाऊक नसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. पावसात माती वाहून जाते, गुराखी आणि गुप्तधनवाले उकरतात, सरकारला गडावरचे गवत कापायला सवड नाही. मग आम्ही उचलून जपले तर बिघडले काय? दिनकर केळकरांनी तरी काय केले? गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे गोळा केले, म्हणून पुण्याला त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाचे राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरे गोळा करत पायी हिंडले नसते, तर आपला निम्मा इतिहास वाणसामानाच्या पुड्या बांधण्यात गेला असता.

हे सगळे खरे आहे. पण केळकरांनी घेतले ते माणसांकडून, मागून किंवा विकत. कोणत्या जागेच्या पोटातून उपटून नव्हे. आणि शेवटी सारा संग्रह त्यांनी राज्याच्या स्वाधीन केला. राजवाड्यांनी कागद छापले. पंढरीहून येणारा बुक्का जसा वाटण्यासाठी असतो, तसेच हे वाटणे होते. गडावरून आणलेले खापर कोणाला वाटले जाते? ते ‘माझे’ असते आणि त्याचे मोल असते ते मी तेथे गेलो होतो हे दाखवण्यापुरते. ते काम आता खिशातला मोबाइल अधिक चांगले करतो.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांना १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना आणि मूर्तींना १९७२ चा पुरावशेष कायदाही आहे. तरी माझा भर कायद्यावर नाही, कारण गडावर येणाऱ्या दर माणसामागे पहारेकरी उभा करता येत नाही. नाणे, लेख, तोफगोळा असे काही दिसले तर करायचे काम सोपे आहे: हात न लावता, शेजारची भिंत किंवा टाके चौकटीत येईल असे छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला कळवावे.

जुन्या नोंदींनुसार कर्नाळ्यावर दोन शिलालेख आहेत, एक मराठी आणि एक फारसी. पुढच्या खेपेस सुळक्याकडे धावण्यापूर्वी दरवाजांपाशी थोडे थांबून ते शोधावेत. आणि उतरल्यावर काकूंची आमसुले पनवेललाच घ्यावीत.