उलटे फिरणारे चाक

"सर, दूरचित्रवाणीवर रथ पुढे धावतो, पण चाके उलटी फिरतात. असे का?" अकरावीच्या वर्गातला प्रश्न. "अभ्यासक्रमात नाही, बस खाली," मी म्हणालो. त्या मुलाने पुन्हा कधी हात वर केला नाही. चूक माझीच!

चित्रणात सेकंदाला 24-25 स्थिर चित्रे असतात. चाकाला 12 आरे असतील, तर दोन आऱ्यांत 30 अंशांचा कोन होतो. दोन चित्रांच्या दरम्यान चाक 28 अंश फिरले, तर प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेपासून 2 अंश अलीकडे राहतो. आरे सगळे सारखेच. म्हणून डोळ्यांना वाटते, चाक 2 अंश मागे गेले.

शिक्षकबंधूंनो, अशा 'रिकामटेकड्या' प्रश्नावर तासाची पाच मिनिटे खुशाल जाऊ द्यावीत. विद्यार्थिमित्रांनो, चाक बरोबर 30 अंश फिरले तर काय दिसेल? आणि 32? वहीत आकृती काढून पाहा.