गादी आणि दोर यांतला फरक सोलापुरात येऊन सांगा

मा. संचालक,
आघारकर संशोधन संस्था, पुणे यांस,



२०२३ च्या जानेवारीत आमचे मामा बार्शीहून वर्तमानपत्राचं कात्रण खिशात घालून आले. बूट काढायच्या आधीच त्यांनी ते माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिलं. मणक्याची झिजलेली गादी पुन्हा धरू शकते, हे पुण्याच्या संशोधकांनी माशावर दाखवलं, अशी ती बातमी. संशोधन तुमच्या संस्थेचं. "आता हा उभा राहतोय बघ," मामा म्हणाले. आईने देवापुढे साखर ठेवली.

भाऊ २०२१ च्या फेब्रुवारीत चिंचा झोडताना झाडावरून पडला. मणका फुटला आणि मज्जारज्जू चिरडला. तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. लघवीला नळी लागते. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर जखमा होतात. ते काम आई आणि मी वाटून घेतो.

आमच्याकडे पाठीचं कुठलंही दुखणं दोनच शब्दांत सांगतात: गादी सरकली, नाहीतर नस दबली. त्यामुळे घरात कुणालाच शंका आली नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, तरी मूळ शोधनिबंध मिळवून तो समजून घ्यायला मला दोन महिने लागले. डॉ. चिन्मय पात्र आणि सहकाऱ्यांचं ते काम दोन मणक्यांमधल्या चकतीवरचं, म्हणजे खरोखरच गादीवरचं आहे. झेब्राफिश म्हातारा झाला की त्याचीही गादी झिजते. तिथे सीसीएन२ए नावाचं प्रथिन वाढवलं की पेशी तगतात, नव्या होतात आणि गादी सावरते. काम मोलाचं आहे. पण भावाची दुखापत गादीची नाही. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूचा निरोप खाली नेणारा जो दोर असतो, म्हणजे मज्जारज्जू, तो त्याचा चिरडला आहे.

त्या दोन महिन्यांत व्हायचं ते होऊन गेलं. परगावच्या एका दवाखान्यातल्या माणसाने तेच कात्रण पाहिलं आणि "आम्ही हेच करतो" असं सांगितलं. स्टेम सेलची तीन इंजेक्शनं झाली. वडिलांनी अर्धा एकर जमीन विकली. पायाचा अंगठाही हलला नाही. काही रक्तविकार वगळता असे उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करावेत, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्येच सांगून ठेवलं आहे. वडिलांना हे मराठीत कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, कारण मलाच ते नंतर कळलं. याची बोच अजून जात नाही.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती लागली आणि त्या रात्री मला झोप आली नाही. तुमच्या प्रथिनाचं जुनं नाव सीटीजीएफ. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की झेब्राफिशचा मज्जारज्जू कापला, तर याच प्रथिनाच्या मदतीने आधारपेशी जखमेवर पूल बांधतात, त्यावरून चेतातंतू पलीकडे जातात आणि दीड-दोन महिन्यांत मासा पुन्हा पोहू लागतो. माणसात त्याच जागी व्रण धरतो आणि तंतू तिथेच अडतात. पण तंतूंची वाढायची ताकद गेलेली नसते. १९८१ मध्ये माँट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा जोडला, तेव्हा तंतू त्यातून सेंटिमीटरभराहूनही लांब वाढले. बी जिवंत आहे, जमीन नकार देते आहे. शेतकऱ्याच्या घरात हे एका वाक्यात समजतं, कुणी सांगितलं तर. आणि पुढचं वाक्यही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं: चिरडलेला मज्जारज्जू माणसात पूर्ववत करणारा सिद्ध इलाज आज जगात कुठेही नाही.

तुमची संस्था १९४६ मध्ये सुरू झाली ती ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ या नावाने. त्या नावाच्या हक्काने मागतो. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तुमच्या एका संशोधकाला सोलापूरला पाठवा. माशाची चित्रफीत दाखवा. गादी कोणती, दोर कोणता, माशात काय घडलं, माणसात काय घडत नाही, हे मराठीत सांगा. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांसाठी ते तेलुगूत आणि अक्कलकोटकडून येणाऱ्यांसाठी कन्नडमध्ये सांगायला माझे सहकारी शिक्षक तयार आहेत. आणि पुढच्या वेळी बातमी द्याल तेव्हा शोध कोणत्या अवयवाचा, कोणत्या प्राण्यात आणि त्यातून आजच्या रुग्णाला काय मिळणार नाही, हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.

सभागृह मिळवायचं आणि शहरातल्या चाकाच्या खुर्चीवरच्या लोकांना तिथवर आणायचं काम माझं. भाऊ पहिल्या रांगेत असेल. उत्तर ‘अजून नाही’ असलं, तरी त्याला ते दलालाकडून नाही, तुमच्याकडून ऐकायचं आहे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, सोलापूर