प्रमोशन हवंय, बॉस!

मंडळी, मार्च उजाडला की आपल्या सगळ्यांच्या पोटात एकच गोळा येतो. अप्रेझल! कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नाही. कुणाला किती हाइक, कोण पेपर टाकणार, कुणाच्या जागी बाहेरून कोण येणार. आणि तो बाहेरून येणारा आपल्यापेक्षा दीडपट पगारावर येणार, हे तर ठरलेलंच. आपण चार वर्षं घासायची आणि प्रमोशन त्याला!

मला कुणी विचारलं, ‘तुझं काय गं?’ तर मी म्हणते, ‘माझं जाऊ दे, आमच्या डेम्पोच्या प्रमोशनचं बोला.’ समोरचे सगळे ब्लँक. डेम्पो? टेम्पो? हीच माणसं रात्री एक वाजता आर्सेनलसाठी जागतात आणि सकाळच्या मीटिंगला डोळे लाल करून येतात बरं का. त्यांना लंडनमधल्या क्लबचा तिसरा गोलकीपर माहीत असतो. पणजीचा क्लब मात्र नाही.

तर थोडी उजळणी. डेम्पो स्पोर्ट्स क्लब, पणजी. पाच वेळा देशाचा चॅम्पियन. नॅशनल फुटबॉल लीग २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये, मग आय-लीग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ मध्ये. २००८ मध्ये एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत धडक. आणखी एक सॉलिड गोष्ट ऐका. आय-लीग सुरू झाली तेव्हापासूनची पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात आली. तीन डेम्पोकडे, दोन चर्चिल ब्रदर्सकडे, एक साळगावकरकडे. एवढ्याशा गोव्यात! आज हे सांगितलं की पोरं म्हणतात, फेकू नकोस.

आता मुद्द्यावर येते. ते डेम्पो कसं बनलं? हायरिंग करून? थोडंफार. पण खरा फंडा वेगळाच होता. आर्मांदो कुलासो नावाचा एक गोंयकार कोच दशकभराहून जास्त काळ एकाच खुर्चीत बसला. त्याच्याभोवती घरचीच मुलं. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा. आणि पुढे परदेशी कोण, तर नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. रँटी २००४ मध्ये आला आणि २०१२ मध्ये गेला. आठ वर्षं एकाच कंपनीत! आपल्यापैकी कुणाचा बायोडेटा असा आहे सांगा. शेवटच्या सीझनमध्ये त्याने लीगमध्ये ३२ गोल मारले. आठव्या वर्षी, ३२. लोक आठव्या वर्षी नुसती खुर्ची गरम करतात.

रँटी आला त्याच वर्षी आणखी एक स्ट्रायकर डेम्पोने आणला होता. ब्राझीलचा क्रिस्टियानो ज्युनियर, ईस्ट बंगालकडून. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल होती, समोर मोहन बागान. त्याने दोन गोल मारले, डेम्पो २-० ने जिंकलं. दुसरा गोल मारताना तो गोलकीपरवर आदळला आणि मैदानातच गेला. त्यानंतरच्या महिन्यांत त्याच संघाने लीग जिंकली. क्लबने दहा नंबरची जर्सी कायमची काढून ठेवली. माझे फोंड्याचे मामा त्या दिवसाबद्दल अजूनही बोलत नाहीत. दहा नंबरचा विषय निघाला की चहा ठेवायला उठतात. खेळाडू ‘घेणं’ या शब्दाबद्दल मी जरा हळवी आहे, त्याचं कारण हे.

रँटी गेला कुठे? कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे. त्यांनी त्याच वेळी कोस्टा रिकाचा कार्लोस हर्नांडेझही आणला. पैशाचा नुसता पाऊस. रँटीने तिकडेही २०१२-१३ मध्ये २६ गोल मारले, लीगचा टॉप स्कोअरर ठरला. लीग जिंकली? नाही. ती गेली चर्चिलकडे, आणि त्या चर्चिलमध्ये आमचा बेटो होता. पुढे प्रयागचा स्पॉन्सर गेला आणि क्लबची रयाही गेली. एका सीझनची भरती म्हणजे काय, ते मी तिथे शिकले. बेंचवर माणसं गोळा करायची आणि क्लायंटच पळून गेला की सगळे रस्त्यावर!

इकडे आमचंही काही बरं चाललं नव्हतं. रँटी नाही, बेटो नाही, २०१३ मध्ये कुलासो ईस्ट बंगालला गेले. आणि २०१४-१५ मध्ये डेम्पो खाली घसरलं. आता पुणेकरांनो, कान इकडे करा. त्या सीझनला सगळ्यांत तळाला आमचा क्लब नव्हताच! तळाला होता तुमच्या बालेवाडीत खेळणारा भारत एफसी. पण तो कॉर्पोरेट कोट्यातून थेट आत घेतलेला नवा क्लब होता, त्यामुळे त्याला रेलिगेशन लागू नव्हतं. म्हणून त्याच्या वरचा, म्हणजे पाच वेळचा चॅम्पियन, खाली. आणि भारत एफसी? तो एक सीझन खेळला आणि दुकान बंद! नव्या पोराला प्रोबेशनमध्ये हात लावायचा नाही म्हणून जुन्या माणसाला नारळ द्यायचा, आणि पोराने पुढच्या महिन्यात नोकरीच सोडायची. तुमच्या ऑफिसात झालंय का असं? आमच्या फुटबॉलमध्ये झालंय.

पुढच्याच वर्षी डेम्पोने सेकंड डिव्हिजन जिंकून प्रमोशन मिळवलं. मिळवलं, आणि घेतलं नाही. कारण २०१६ मध्ये फेडरेशनने नवा नकाशा मांडला होता. वर आयएसएल, तिच्या खाली आय-लीग, आणि खालून वर जायला जिनाच नाही! साळगावकर आणि स्पोर्टिंग दि गोवा आधीच बाहेर पडले होते, मग डेम्पोही पडलं. तेव्हा मी जाम चिडले होते. पण विचार करा, जिथे प्रमोशनच होणार नाही असं लेखी सांगितलंय, तिथे कोण राबेल?

जिना नंतर आला. २०१९ मध्ये रोडमॅप ठरला आणि २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता, लायसन्सच्या अटी पुऱ्या केल्या तर, फी न भरता आयएसएलमध्ये जाऊ लागला. २०२३ मध्ये पंजाब, २०२४ मध्ये मोहमेडन, २०२५ मध्ये इंटर काशी. डेम्पोही २०२४-२५ मध्ये परतलं. कोच कोण, तर समीर नाईक! तोच, कुलासोंच्या डिफेन्समधला. आमचे सपोर्टर एका कदंबा बसमध्ये मावतील, पण त्या बसमध्ये काय आनंद होता म्हणून सांगू.

वर गेलेल्यांकडे जरा नीट बघा. मोहमेडन वर गेलं आणि पहिल्याच सीझनमध्ये शेवटच्या नंबरावर आलं. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या वेगळ्याच. इंटर काशी तर २०२३ मध्ये जन्मलेला क्लब. नाव वाराणसीचं, घरचे सामने बंगालात कल्याणीला. कोच मात्र आयएसएल दोनदा जिंकलेला अंतोनियो हबास. म्हणजे पहिल्या दिवसापासून सीईओ बाहेरून, टीम बाहेरून, ऑफिसही भाड्याचं. चालतं का? चालतं! ते वर गेले ना.

पण कसे गेले, तेही मजेदार आहे. ६ एप्रिल २०२५, लीगचा शेवटचा दिवस. गोकुलम केरळला कोझिकोडमध्ये डेम्पोविरुद्ध जिंकायचंच होतं. त्यांनी सुरुवातीलाच २-० आघाडी घेतली. त्यांच्या थाबिसो ब्राउनने हॅटट्रिक केली. आणि आमची मुलं ४-३ ने जिंकली! दुसऱ्याचं प्रमोशन रोखणं हा एक वेगळाच आनंद असतो, खोटं कशाला बोलू. त्या संध्याकाळी चर्चिल ४० पॉइंट्सवर पहिला, इंटर काशी ३९ वर दुसरा. पण नामधारीने काशीविरुद्ध सस्पेन्शन लागलेला खेळाडू उतरवला होता, त्याची केस बाकी होती. वर काशीने आपला स्पॅनिश स्ट्रायकर मारियो बार्को पुन्हा रजिस्टर केला, तो नियमात बसतो का यावर दुसरी केस. फेडरेशनने चर्चिलला चॅम्पियन म्हणून जाहीर केलं. प्रकरण गेलं स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे आणि जुलैमध्ये निकाल लागला, चॅम्पियन इंटर काशी, ४२ पॉइंट्स. बावीस सामने घाम गाळायचा आणि प्रमोशन ठरणार फाइलवर. एचआरवाले, हसू नका.

म्हणूनच मला डेम्पोने पहिली भरती कुठली करावी असं विचाराल, तर मी म्हणेन, नियमांचं पुस्तक पाठ असलेला एक माणूस. कुणाची चार पिवळी कार्डं झाली, कुणाचं रजिस्ट्रेशन कधी संपतं, लायसन्सचे कागद कुठे अडलेत, हे रात्री झोपेतून उठवलं तरी सांगणारा. त्याला स्ट्रायकरपेक्षा कमी पगार पुरेल आणि तो तीन पॉइंट्स वाचवेल.

मैदानावर मला एकच गोष्ट हवी. तिशी ओलांडलेला, आयएसएल बघून आलेला भारतीय सेंटर-बॅक. त्याच्या शेजारी आपल्या अकादमीतले दोन-तीन भुरगे उभे करायचे. जुन्या गोव्याजवळ एला इथे डेम्पोची अकादमी आहे. मुलं घडवणं या क्लबला येतं, टिकवणं अवघड जातं. मंदार राव देसाई आठवतोय? मुंबईकरांना आठवायला हवा, २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने आयएसएल जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. त्याआधी तो डेम्पोत होता. रोमियो फर्नांडिस तर २०१५ मध्ये डेम्पोतून थेट ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको परानेन्सकडे लोनवर गेला. अभिमान वाटतो हो! पण दरवेळी निरोपाचा केक कापून कंटाळा येतो. वर आयएसएलमध्ये असतो तर त्यातला एखादा तरी थांबला असता. मुलं थांबत नाहीत म्हणून वर जाता येत नाही, आणि वर नाही म्हणून मुलं थांबत नाहीत. मला प्रमोशन हवंय ते याच्यासाठी. झगमगाटासाठी नाही.

तेव्हा माझा प्लॅन तीन वर्षांचा. उगवत्या मुलांना लांब करार, त्यात प्रमोशन झालं तर पगार आपोआप वाढेल असं कलम. एकच परदेशी स्ट्रायकर, पण थांबायला तयार असलेला. पहिल्या वर्षी मधल्या नंबरावर, दुसऱ्या वर्षी पहिल्या चारांत, तिसऱ्या वर्षी धडक. पॉवरपॉइंटवर काय सुंदर दिसतं!

परवा हा प्लॅन मी फोनवर मामांना ऐकवला. मामा म्हणजे कट्टर डेम्पो. नवप्रभेतले सामन्यांचे रिपोर्ट कापून वहीत चिकटवणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘अगो बाये,’ ते म्हणाले, ‘तीन वर्षांचं तुझ्यासाठी ठीक आहे. मी सत्त्याहत्तरचा झालो. मला यंदाच दोन बरे परदेशी आणून दे, काय व्हायचं ते होऊ दे.’

‘मामा, पण मग पुढच्या वर्षी ते दोघं निघून जातील ना.’

‘जाऊ देत. रँटी पण गेला. म्हणून त्याचे गोल कोणी पुसले?’

यावर काय बोलणार? माझ्याकडे स्लाइड नव्हती. मोहमेडनचं काय झालं ते सांगितलं, प्रयागचं सांगितलं. ते म्हणाले, ‘ते कोलकात्याचे. आपलं तसं होत नाही.’ २०१५ विसरले सोयीस्करपणे.

शेवटी आम्ही सौदा केला. एक परदेशी स्ट्रायकर त्यांचा, यंदाचा, एका वर्षाच्या करारावर. सेंटर-बॅक माझा, तीन वर्षांसाठी, आणि अकादमीतल्या दोन मुलांना हात लावायचा नाही. मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बरं. त्या तुझ्या सेंटर-बॅकची उंची किती?’