पुडीवरचे नाव आणि आतली माती

इतवारीच्या बाजारात जडीबुटी आणि पूजेच्या सामानाच्या दुकानांत मुलतानी माती बारमाही मिळते. खड्यांची सुटी मिळते, दळलेली पुडीतही मिळते. पुडीवर वजन असते, किंमत असते, ‘नैसर्गिक’ आणि ‘शुद्ध’ हे दोन शब्द तर बहुधा असतातच. नसते ते एवढेच की आत नेमकी कोणती माती आहे. चेहऱ्याला लावायला, केस धुवायला, उन्हाळ्यात घामोळ्यांवर थापायला ती घेतली जाते. तिचा आणखी एक उपयोग कोणी दुकानदारासमोर बोलून दाखवत नाही. ती खाल्ली जाते. गरोदर बायका खातात, शाळकरी मुली खातात. कोणी मुलतानी मातीचा खडा चघळते, कोणी खापराचा तुकडा, कोणी पाटीवरची पेन्सिल. दुकानदार ती खाण्यासाठी विकत नाही, पण गिऱ्हाईक खाण्यासाठी घेऊन जाते आणि दोघांचाही त्यावर एक शब्द होत नाही.

मुलतानी माती हे एका खनिजाचे नाव नाही, हे आधी सांगायला हवे. मुलतान हे आज पाकिस्तानात असलेल्या एका जुन्या व्यापारी शहराचे नाव. आपल्याकडे मिळणारी ही माती आता मुख्यतः राजस्थानातून, बारमेर, बिकानेर, जैसलमेर या पट्ट्यातून येते. इंग्रजीतले तिचे नाव फुलर्स अर्थ. फुलर म्हणजे लोकरीच्या कापडातला तेलकटपणा काढून ते घट्ट करणारा कारागीर. त्याच्या कामी येणारी माती ती फुलर्स अर्थ. म्हणजे एक नाव गावावरून पडले, दुसरे कामावरून. तेल शोषणारी कोणतीही माती या नावाखाली विकता येते. भारतातल्या अशा मातीत बहुधा स्मेक्टाइट गटातली खनिजे असतात. अमेरिकेत जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवर निघणाऱ्या फुलर्स अर्थमध्ये मात्र पॅलिगोर्स्काइट नावाचे सुईसारख्या तंतूंचे वेगळेच खनिज मोठ्या प्रमाणात असते. नाव एकच आणि घडण पूर्ण वेगळी.

घडणीचा हा प्रश्न समजायला सोपा आहे. चिकणमातीची बहुतेक खनिजे अतिशय पातळ थरांची बनलेली असतात. एक थर सिलिकाचा, दुसरा अ‍ॅल्युमिनाचा. चिनी मातीतल्या केओलिनाइटमध्ये या दोन थरांची एक जोडी असते, तिच्यावर दुसरी जोडी, आणि या जोड्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की मध्ये पाणी शिरत नाही. म्हणून चिनी माती भिजली तरी फुगत नाही. स्मेक्टाइटमध्ये अ‍ॅल्युमिनाचा थर दोन सिलिका थरांच्या मध्ये असतो, दोन पातळ पोळ्यांत सारण भरावे तसा. अशा दोन भरलेल्या पोळ्यांमधली पकड सैल असते. तिथे पाणी शिरते आणि त्याबरोबर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे कण राहतात. पाणी आले की थर दूर सरकतात, गेले की जवळ येतात.

हा प्रकार बघायला विदर्भातल्या माणसाला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. काळ्या जमिनीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जून-जुलैच्या पावसात त्याच भेगा मिटतात, ते याच स्मेक्टाइटमुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट झिजून झिजून ही माती झाली. कापूस तिच्यावर पोसला आणि घरांच्या भिंतींना तिनेच तडे दिले. बांधकाम करणारे गवंडी पायाखालची काळी माती काढून मुरूम का भरतात, याचे उत्तरही त्याच सैल पकडीत आहे.

आता आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण. थर सैल असल्यामुळे स्मेक्टाइटचा आतला पृष्ठभागही उघडा असतो. एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटचा, म्हणजे स्मेक्टाइट गटातल्या सर्वात परिचित खनिजाचा, एकूण पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटरपर्यंत भरतो. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला तर जवळजवळ एक एकर. केओलिनाइटचा हाच आकडा ग्रॅममागे वीसेक चौरस मीटरच्या घरात. या एकरभर पृष्ठभागावर धन विद्युतभाराचे कण चिकटतात आणि दुसरे कण आले की जागा बदलतात. कण धरून ठेवण्याची आणि बदलण्याची ही ताकद स्मेक्टाइटमध्ये केओलिनाइटच्या कैक पट असते. चेहऱ्यावरचे तेल ओढून घेणारी माती आणि पोटात गेल्यावर लोह ओढून घेणारी माती, दोन्ही कामे एकाच गुणाची.

मातीला नाव देणे किती फसवे असते, याचे एक उदाहरण नागपूरचेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर फावल्या वेळात खडक आणि जीवाश्म गोळा करत. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे हिस्लॉप. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून डब्लिनचे भूवैज्ञानिक सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ मध्ये दोन नवी नावे दिली: हिस्लोपाइट आणि हंटेराइट. पहिले हिरव्या रंगाचे कॅल्साइट निघाले, हिरवेपणा त्यात मिसळलेल्या दुसऱ्या खनिजाचा. दुसरे अ‍ॅल्युमिनियमचे जलयुक्त सिलिकेट, म्हणजे चिकणमातीच्या जातीचे. आजच्या मान्य खनिजांच्या यादीत या दोघांपैकी एकही स्वतंत्र खनिज म्हणून नाही. हॉटन यांचा यात दोष नव्हता. त्या काळी खनिज ओळखायचे म्हणजे ते विरघळवायचे, तापवायचे आणि सिलिका किती, अ‍ॅल्युमिना किती, पाणी किती ते मोजायचे. चिकणमातीपुढे ही पद्धत तोकडी पडते. केओलिनाइट आणि पूर्ण वाळलेले हॅलॉयसाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. पण केओलिनाइटच्या चपट्या पापुद्र्यांऐवजी हॅलॉयसाइटच्या बहुधा सूक्ष्म नळ्या असतात, आणि ओल्या हॅलॉयसाइटच्या थरांमधले पाणी एकदा उडून गेले की पुन्हा भिजवून ते पहिल्यासारखे होत नाही. दोन मातींचे मिश्रणही मोजमापात एकच नवे खनिज असल्यासारखे दिसू शकते.

उत्तर क्ष-किरणांनी दिले. विसाव्या शतकात, १९३०च्या आसपास, थरांमधले अंतर मोजता येऊ लागले आणि वर्गीकरण त्यावर उभे राहिले. केओलिनाइटमध्ये ते सुमारे ०.७ नॅनोमीटर, इलाइटमध्ये १. स्मेक्टाइट इथेही चकवते, कारण हवेतल्या दमटपणाप्रमाणे त्याचे अंतर बदलते. म्हणून त्याला ग्लायकोलची वाफ देतात. ते फुगून १.७ नॅनोमीटरवर गेले की ओळख पटते. मग ५५० अंशांना तापवले की अंतर आकसून १ नॅनोमीटरवर येते, आणि केओलिनाइट असेल तर त्याची खूण तेवढ्या उष्णतेत पुसून जाते. चाचणी जुनी आहे, तिला फार काही लागत नाही आणि ती करू शकणाऱ्या संस्था आपल्या गावातच आहेत. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो अमरावती मार्गावर आहे; काळ्या मातीतल्या खनिजांवर तिथे वर्षानुवर्षे काम झाले आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे आणि त्याच्या खनिज वार्षिकीत बेंटोनाइट, फुलर्स अर्थ आणि चिनी माती यांची नोंद निरनिराळी होते. पाण्यातले आणि मातीतले जड धातू मोजणारी नीरीही इथलीच. एवढे ज्ञान ज्या शहरात आहे, त्याच शहरात दुकानातल्या पुडीतली माती कोणती हे विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला नाही आणि गरोदरपणात तपासणाऱ्या डॉक्टरालाही नाही.

माती खाण्याला आपण डोहाळे म्हणून सोडून देतो. कालिदासाच्या रघुवंशात गरोदर सुदक्षिणा राणी माती खाते, तेव्हा ही ओढ जुनी आहे. पण आपल्या जुन्या वैद्यकाने तिच्याकडे कौतुकाने पाहिलेले नाही. चरकसंहितेत पांडुरोगाचे, म्हणजे शरीर फिके पडण्याच्या आजाराचे, जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांतला पाचवा थेट माती खाण्याने होणारा आहे. तुरट माती वात वाढवते, खारी पित्त आणि गोड कफ, असा भेदही तिथे केलेला आहे. मातीमातीत फरक असतो हे क्ष-किरणांच्या कितीतरी आधी कोणाच्या तरी लक्षात आले होते, भाषा वेगळी एवढेच.

आधुनिक अभ्यास काय सांगतो? तुर्कस्तानात माती खाण्याची सवय असलेल्यांवरील १९६८ च्या प्रसिद्ध अभ्यासात तिथल्या मातीमुळे लोहाचे शोषण घटल्याचे दिसले. नंतरच्या प्रयोगांत मात्र सगळ्याच मातींनी सारखा परिणाम दाखवला नाही. यात गोंधळून जाण्यासारखे काही नाही. प्रत्येक ठिकाणची माती वेगळी होती. दुसऱ्या बाजूने, अंगात लोह कमी झाले की माती, बर्फ, कच्चा तांदूळ अशा वस्तू खाण्याची ओढ लागते, आणि लोह भरून निघाले की ती ओढ पुष्कळदा आपोआप जाते. म्हणजे रक्त कमी म्हणून माती, आणि माती म्हणून रक्त आणखी कमी, असे चक्र तयार होऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सरकार गरोदरपणात १८० दिवस लोहाच्या गोळ्या देते, प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम. सकाळी ही गोळी आणि तिच्यामागून मातीचा खडा, असे ज्या घरात चालते तिथे गोळी वाया का जाते ते शोधायला लांब जायला नको.

लोहाइतकीच काळजी शिशाची. जी माती कण धरून ठेवते ती चांगले-वाईट निवडत नाही. जमिनीत, खाणीत जे भेटले ते तिच्यात असू शकते. फ्रान्समध्ये स्मेक्टाइटपासून केलेले जुलाबावरचे औषध वर्षानुवर्षे लहान मुलांना दिले जाई. ते शुद्ध केलेले, तपासलेले औषध. तरीही त्यातल्या शिशाच्या अंशामुळे तिथल्या औषध नियामकाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे सांगितले. अमेरिकेत २०१६ मध्ये बाजारात मिळणाऱ्या बेंटोनाइटच्या भुकटीत शिसे जास्त आढळले म्हणून ग्राहकांना इशारा दिला गेला. ब्रिटनमधला अन्न नियामक तर गरोदर स्त्रियांना भाजलेल्या मातीच्या वड्या टाळायला सांगतो. बांगलादेशी वस्त्यांत त्या ‘सिकोर’ नावाने विकल्या जातात. भाजलेली माती चालते, असे आपल्याकडेही म्हणतात. भाजल्याने जंतांची अंडी मरतील, शिसे आणि आर्सेनिक जागचे हलत नाहीत.

म्हणून मुलतानी माती विकूच नका, असा आमचा आग्रह नाही. धडधाकट त्वचेवर लावून धुऊन टाकली तर सहसा त्रास होत नाही. दळताना-चाळताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नये, उघड्या जखमेवर आणि बाळाच्या नाळेवर तर माती कधीच लावू नये. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. पण ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर पुडी विकण्याची मुभा आता काढून घ्यायला हवी. सौंदर्यप्रसाधनांतल्या रंगद्रव्यांसाठी आपल्या नियमांत शिशाची मर्यादा दहा लाखांत २० भाग आणि आर्सेनिकची २ भाग आहे. तीच पट्टी मातीला लावायला काय हरकत आहे? अन्न व औषध प्रशासनाने इतवारीतून, गांधीबागेतून, महालातून सुट्या आणि बांधलेल्या मातीचे नमुने घ्यावेत, याच शहरातल्या प्रयोगशाळांत तपासून घ्यावेत आणि निकाल मराठीत जाहीर करावेत. पुडीवर खाणीचा जिल्हा, मुख्य खनिज आणि शिसे-आर्सेनिकचे आकडे छापले जावेत. ‘खाण्यासाठी नाही’ हे शब्द किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत हवेत.

दुसरे काम आशाताईंचे आणि प्रसूतिपूर्व तपासणी करणाऱ्यांचे. ‘माती, खडू, पेन्सिल, बर्फ, कच्चा तांदूळ खावासा वाटतो का?’ हा प्रश्न वजन आणि रक्तदाबाबरोबर प्रत्येकीला विचारला जावा, सासूसमोर नव्हे, एकटीला आणि न रागावता. उत्तर ‘हो’ असेल तर हिमोग्लोबिन त्याच दिवशी बघावे. गरोदरपणात ते ११ ग्रॅमच्या खाली असले तर तो रक्तक्षय. जंतांवरच्या गोळीचे डॉक्टरांना विचारावे, कारण पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. आणि जी बाई बऱ्याच महिन्यांपासून माती खात आली आहे, तिच्या रक्तातले शिसेही एकदा तपासून घ्यावे.