कॅसेट आहे, पण लावायची कशात?

आज घरी गेलात की आईला विचारा, 'तुमच्या लग्नाची कॅसेट कुठंय?' तुम्ही आता कॉलेजात असाल, तर आई-बाबांचं लग्न बहुतेक व्हीएचएसच्या जमान्यातलं. कॅसेट सापडेल. माळ्यावरच्या पेटीत, नाहीतर कपाटात साड्यांखाली. पण ती लावायची कशात?

जपानच्या जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणलं. व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता आहे तोच व्हीसीआर दुरुस्त करायचा, दुसरा रस्ता नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही दुरुस्ती आपण शिकून घ्यावी. ज्यांनी ऐंशीच्या दशकात ती शिकून घेतली, ते मेकॅनिक काका आज साठीच्या आसपास आहेत. कॅसेटच्या आधी हे हातच संपतील.

काम वाटतं तेवढं अवघड नाही. कॅसेट आत जाते आणि लगेच बाहेर येते? बऱ्याचदा रबरी बेल्ट सैल झालेला असतो. टेप गुंतते? पिंच रोलरचं रबर कडक झालंय किंवा रीळ नीट फिरत नाही. आवाज येतो, पण चित्रात नुसत्या मुंग्या? मग हेड घाण झालंय. साधा आवाज वेगळं, स्थिर हेड वाचतं, म्हणून तो शाबूत राहतो. चित्राची हेड्स मात्र मिनिटाला १५०० फेऱ्या मारणाऱ्या ड्रमवर असतात. पूर्वी लोक कोरी नोट घासून ती पुसायचे. तसं करू नका. धागे न सुटणारा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ड्रमला हलकेच टेकवा आणि ड्रम हाताने फिरवा. कागद वर-खाली घासलात, तर हेड तुटलंच समजा. आणि झाकण उघडण्याआधी प्लग काढायचाच. तरीही पॉवर सप्लायला हात लावू नका, कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. तो भाग काकांवर सोडा.

'करून घेऊ ना डिजिटल कधीतरी' असं म्हणत असाल, तर एक ऐका. २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या बहुतेक टेप्स कायमच्या जातील, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच दिला होता. त्यात आपला खान्देश! उन्हाळ्यात ४५ अंश, वर पत्रा, नंतर पावसाळ्याची ओल. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर ती अजिबात लावू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

हे यंत्र आपल्याकडे नुसतं पिक्चर बघायला नव्हतं, बरं का. धुळ्याहून तासाभरावरच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग केलं. एकावर सीन चालवायचा, दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचा. त्यातूनच 'मालेगाव के शोले'वाली मंडळी उभी राहिली. त्यांच्यावरचा 'सुपरबॉयज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये थिएटरला लागला, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी बघितला असेल.

आता आपल्या कॅसेटमध्ये काय आहे ते आठवा. हळदीला अहिराणी गाणी म्हणणाऱ्या आज्या, आत्या, मावश्या. त्यातल्या कितीतरी आज नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी उतरवून घेतली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्या आजीचं गाणं उतरवून घ्यायला मात्र आधी व्हीसीआर चालू व्हावा लागेल.

म्हणून दोन कामं करा. ओळखीच्या जुन्या टीव्ही मेकॅनिककडे चार शनिवार बसा, फुकटात नको, मेहनताना देऊन. आणि कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे किंवा जवळच्या आयटीआयकडे एक चालू व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड ठेवण्याची मागणी करा. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, त्यामुळे पाळ्या लावाव्या लागतील. आणि भंगारवाल्याची गाडी दारात आली, तर व्हीसीआर तेवढा आत ठेवा.