बघे नकोत, म्हणून स्वयंसेवकही नकोत?

विमान पडलं की सामान्य माणसानं चार हात लांब राहावं, असं संयुक्त अरब अमिरातीतले आपले अनेक मराठी लोक ठामपणे म्हणतात. इथली अग्निशमन दलं अद्ययावत, पोलिसांचा वचक मोठा. मग दिवसभर हिशेब लिहिणाऱ्याला विमान अपघाताचं प्रशिक्षण देऊन काय साधणार? ‘सानिद’सारखा आपत्कालीन स्वयंसेवकांचा उपक्रम त्यांना निव्वळ हौस वाटतो.

त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा ३ ऑगस्ट २०१६ चा. तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं बोईंग ७७७ दुबईच्या धावपट्टीवर पोटावर घसरत गेलं. आतले तीनशेच्या तीनशे जण वाचले. पण विमान थांबल्यावर सुमारे नऊ मिनिटांनी मधल्या इंधनटाकीचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचा एक जवान गेला. जिथं कसलेला माणूस वाचला नाही, तिथं हौशी माणसाला धाडायचं?

मुळीच नाही. पण ते काम स्वयंसेवकाकडे द्या असं म्हणतंय कोण? इंधनाची वाफ आणि जळालेल्या कार्बन तंतूंची धूळ असलेल्या रिंगणात श्वसनयंत्र लावलेल्या जवानानंच जावं. रिंगणाबाहेरचं काय, ते बोला. विमान दर वेळी धावपट्टीवरच पडतं असं नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये किश एअरलाइन्सचं फोकर ५० शारजा विमानतळाच्या अलीकडेच, वस्तीजवळ कोसळलं. ४६ पैकी ४३ जण गेले. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं. अशा जागी आधी पोचतो तो आसपासचा माणूसच.

दुसरा आक्षेप: गर्दीचा अडथळा होतो. होतोच. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान केरळातल्या करिपूरच्या टेबलटॉप, म्हणजे पठारावरच्या, धावपट्टीवरून खाली गेलं. वैमानिक दीपक साठे यांच्यासह २१ जणांचा बळी गेला. भर पावसात, करोनाची भीती बाजूला सारून आसपासचे लोक धावले; मिळेल त्या गाडीतून त्यांनी जखमींना हलवलं. त्या माणुसकीला तोड नाही. पण कणा दुखावलेल्याला गाडीत दुमडून बसवलं, तर वाचलेला जीव कायमचा पांगळा होऊ शकतो. कोण कुठल्या इस्पितळात गेला याची नोंद नसेल, तर घरचे रात्रभर दारोदार फिरतात. लोक येणारच, मग त्यांतले काही शिकलेले का नसावेत?

काय शिकवतात, ते पाहा. रंग लावून ‘जखमी’ केलेली माणसं सरावाच्या मैदानात पडलेली असतात. चालता येतं? हिरवी चिठ्ठी, तिकडे बस. श्वास मिनिटाला तिसाच्या वर? लाल चिठ्ठी, आधी हा. ओरडणाऱ्याकडे धावण्याची ओढ आवरून निपचित पडलेल्याकडे वळायचं. ही सवय सराव केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

हौशी माणूस शिस्तीत टिकत नाही म्हणाल, तर सह्याद्रीकडे पाहा. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्सचे कार्यकर्ते दोर बांधून खाली उतरले. त्यांच्या अंगावर सरकारी गणवेश नव्हता. हाताला वर्षानुवर्षांचा सराव होता.

राहिला शेवटचा सूर: परक्या देशात आपण कशाला मध्ये पडायचं? या देशातले बहुसंख्य रहिवासी बाहेरून आलेले. जखमी मजूर नाव, रक्तगट, घरचा नंबर सांगेल तो आपल्या भाषेत. मराठी, हिंदी, मल्याळम जाणणारा शिकलेला माणूस तिथं कुणाच्याही मध्ये येत नाही, उलट डॉक्टरांचा वेळ वाचवतो. गणेशोत्सवाच्या रांगा सांभाळणाऱ्या आखातातल्या महाराष्ट्र मंडळांकडे असे हात आहेत. त्यांनी अधिकृत उपक्रमांत नावं नोंदवावीत. यंत्रणांनीही त्यांना नेमकं काम, विमा आणि दरवर्षी सराव द्यावा.

अट एकच, आणि ती कडक हवी. आज्ञा देणारा ‘थांब’ म्हणाला की थांबायचं. जो थांबत नाही, त्याला स्वयंसेवकाचं जाकीट देऊच नये. जो थांबतो, त्याला नाकारायला मात्र आक्षेपकांनी एक तरी कारण दाखवावं.