आकडे सोबत चालतात, म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की एक आकडा आपल्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरू लागतो. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील बौद्धांची साक्षरता 81.3 टक्के आणि अनुसूचित जातींची 66.1 टक्के. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष असतो : धम्म स्वीकारला म्हणून आपण शिकलो, ज्यांनी स्वीकारला नाही ते मागे राहिले. आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र त्या आकड्यांतून निघत नाही. आम्ही बौद्ध आहोत, चळवळीचे काम करतो, आणि म्हणूनच हे स्पष्टपणे लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

दोन गोष्टी सोबत वाढतात किंवा एक वाढली की दुसरी घटते, या नात्याला मानसशास्त्रात आणि समाजशास्त्रात सहसंबंध म्हणतात. तो उणे 1 ते अधिक 1 या पट्टीवर मोजतात. शून्य म्हणजे सरळ नाते नाही. उणे किंवा अधिक 1 च्या जितके जवळ तितके नाते घट्ट. पण ही पट्टी फक्त एवढेच सांगते की दोघे सोबत चालत आहेत. कोण कोणाला चालवतो, हे ती सांगत नाही.

आमच्या कळवणचेच उदाहरण घ्या. माघ ते चैत्र या काळात सप्तशृंगगडावरची गर्दी वाढत जाते आणि त्याच काळात बाजार समितीत उन्हाळ कांद्याची आवकही वाढत जाते. दोन्ही आकडे शेजारी मांडले तर सहसंबंध दिसेल. म्हणून गडावर भाविक चढले की शेतात कांदा पोसतो, असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. गर्दी पंचांगाने येते, कांदा ऋतूने येतो, आणि पंचांग व ऋतू एकत्र फिरतात. आकड्यांच्या मागे उभ्या असलेल्या या तिसऱ्या गोष्टीला कांद्याच्या बाबतीत आपण लगेच ओळखतो. जात, धर्म आणि बुद्धी यांचा विषय निघाला की मात्र शिकलेली माणसेही तिला विसरतात.

हे विसरणे नेहमीच भाबडे नसते. सहसंबंधाची कल्पना फ्रान्सिस गॅल्टनने 1888 मध्ये मांडली आणि कार्ल पिअरसनने तिला गणिती रूप दिले. याच गॅल्टनने 1883 मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द घडवला होता. माणसांतले 'चांगले वाण' वाढवावे आणि 'हलके' घटवावे, असा तो विचार. आपल्याकडे 1901 च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने माणसांची नाके मोजली आणि सांगितले की नाक जितके रुंद तितकी जातीची सामाजिक पायरी खालची. म्हणजे जातिव्यवस्था ही वंशाची गोष्ट, निसर्गाचीच रचना!

बाबासाहेबांनी याला उत्तर कसे दिले, हे प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. अस्पृश्यतेच्या उगमावरच्या 1948 च्या ग्रंथात त्यांनी मोजमापांकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी तीच मोजमापे घेतली, प्रांताप्रांताने तपासली आणि दाखवले की त्या आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. रिस्लेचे हत्यार त्यांनी रिस्लेच्याच मैदानात निकामी केले. आकडा आपल्या विरोधात आहे म्हणून नाकारायचा नाही आणि सोयीचा आहे म्हणून डोक्यावर घ्यायचा नाही, तो तपासायचा. ही त्यांची पद्धत.

आता तीच पद्धत आपल्या लाडक्या आकड्याला लावू.

पहिली गोष्ट, तुलना कोणाची कोणाशी चालली आहे? देशातल्या 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख एकट्या महाराष्ट्रात आहेत. अनुसूचित जाती मात्र बिहार-उत्तर प्रदेशापासून तामिळनाडूपर्यंत पसरलेल्या. म्हणजे आपण खरे तर महाराष्ट्राची तुलना साऱ्या देशाशी करतो आणि तिला धम्माचे नाव देतो. महाराष्ट्रापुरते पाहिले तर बौद्धांची साक्षरता सुमारे 83 टक्के, राज्याची सरासरी 82 आणि अनुसूचित जातींची जवळपास 80. पंधरा टक्क्यांची दरी तीनवर आली! त्यातही 1990 नंतर बौद्धांना अनुसूचित जातीत नोंद करता येते, त्यामुळे हे दोन गट एकमेकांत मिसळलेले आहेत.

दुसरी गोष्ट, आधी काय घडले? महार समाजातले काही जण इंग्रजी सैन्यात होते; रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिकवत. पुढे गिरण्या, रेल्वे, गोदी यांनी माणसे शहरात आणली. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 ची, तिचे सोलापूरचे वसतिगृह 1925 चे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी 1945, सिद्धार्थ महाविद्यालय 1946, औरंगाबादचे मिलिंद 1950. हे सगळे 14 ऑक्टोबर 1956 च्या आधीचे. शिक्षणाची भूक आणि धम्माची दीक्षा, दोन्ही एकाच आंदोलनाच्या पोटातून आल्या. इथली तिसरी गोष्ट म्हणजे आपली चळवळ.

तिसरी गोष्ट, दिशा उलटी असू शकते का? जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात ठामपणे 'बौद्ध' लिहायला कोण सांगतो? बहुधा जो शिकलेला आहे, ज्याला त्या नोंदीचा अर्थ कळतो तो. मग शिक्षणामुळे 'बौद्ध' ही नोंद वाढली, असेही म्हणता येईल. एकाच आकड्यातून दोन उलट निष्कर्ष निघत असतील, तर तो आकडा कारणाचा पुरावा नाही.

कोणी म्हणेल, असेना का, आपल्या फायद्याचा प्रचार आहे, कशाला कीस पाडता? कारण चुकीचे सांगितले की जबाबदारी चुकीच्या माणसाच्या माथी जाते, म्हणून.

धर्म बदलल्याने साक्षरता आली असे आपण म्हणालो, तर सरकार आनंदाने म्हणेल की मग शिष्यवृत्ती, वसतिगृहे, आरक्षण कशाला? आणि कळवण-सुरगाण्याच्या पाड्यांवर आपला तरुण हाच मेसेज घेऊन गेला, तर त्याने तिथल्या कोकणा किंवा भिल्ल आई-बापाला काय सांगितले? की तुमचे मूल मागे आहे ते तुमच्या श्रद्धेमुळे. शाळेत शिक्षक आहे का, पोराच्या बोलीत कोणी त्याच्याशी बोलते का, हंगामाला आई-बाप द्राक्षबागांत मजुरीला गेले की पोराची शाळा कुठे जाते, हे प्रश्न त्या वाक्यात बुजून गेले. ज्यांच्यासोबत उभे राहायचे त्यांनाच आपण आरोपी केले.

'आदिवासी मुलांची बुद्धीच कमी' हे वाक्य याच साच्यातून निघते. छापील प्रमाण मराठीतली चाचणी, घरी कोकणा किंवा भिल्ली बोलणारे मूल, समोर अनोळखी साहेब. गुण कमी आले. जमात आणि गुण यांचा सहसंबंध तयार! तो आकडा मुलाची बुद्धी मोजतो की चाचणीची भाषा? बुद्धिचाचणी रचणाऱ्या आल्फ्रेड बिने याने 1905 मध्ये ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागते हे शोधण्यासाठी केली होती. मुलांवर कायमचा शिक्का मारायला ती पुढे इतरांनी वापरली.

सहसंबंध जिथे थांबतो तिथून पुढे कसे जायचे, याचा एक चांगला नमुना आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात 321 सवर्ण आणि 321 दलित शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्हीकडची मुले बरोबरीने चालली. सर्वांसमोर नाव-जात पुकारली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच, कोडी तशीच, बदलली ती एकच गोष्ट. म्हणून इथे कारणाबद्दल बोलता येते. आपले सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत असेच केले. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त आडनावे वेगळी, खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पाठवले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता दोन तृतीयांश निघाली. 'गुणवत्ता नाही म्हणून नोकरी नाही' या थापेला याहून चोख उत्तर नाही.

मग सहसंबंध टाकाऊ आहे का? मुळीच नाही. कोणाला अस्पृश्य करायचे आणि कोणाला नाही, अशा चिठ्ठ्या टाकून प्रयोग करता येत नाही, करूही नये. जात आणि जमीन, जात आणि कुपोषण, जात आणि तुरुंग यांचे नाते आधी आकड्यांतूनच दिसते. म्हणून तर आपण जातनिहाय जनगणनेची मागणी केली. सहसंबंध दार दाखवतो. आत काय आहे ते पुढे जाऊन पाहावे लागते. जातनिहाय आकडे जेव्हा हाती येतील तेव्हा त्यांचे अर्थ लावायला शंभर जण टपलेले असतील. 'अमुक जातीत अमुक प्रमाण जास्त, म्हणजे दोष त्या जातीतच' असे सांगितले जाईल. त्या दिवशी उलट प्रश्न विचारायची सवय आपल्याला आधीपासून असायला हवी, आणि ती सवय स्वतःच्या सोयीच्या आकड्यावरच लागते.

म्हणून पुढचा मेसेज पाठवण्याआधी एवढेच विचारा : आधी काय घडले? दोघांच्या मागे तिसरे काही आहे का? मोजपट्टी कोणाची, आणि तुलना समान माणसांत आहे का? कालामांना बुद्धांनी सांगितले ते हेच, की परंपरेने आले, ग्रंथात आहे, तर्काला पटते एवढ्यावर मानू नका. त्यांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा गाभाही कारणाचा शोध हाच आहे. सोबत दिसले म्हणजे कारण सापडले, असे मानणारा माणूस शकुन-अपशकुन मानणाऱ्यापेक्षा फार वेगळा नसतो.

धम्माची थोरवी साक्षरतेच्या टक्केवारीवर उभी नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे आली ती माणूस म्हणून ताठ उभे राहायला. त्या निर्णयाला अर्धवट आकड्याचा टेकू लावायची गरज नाही, आणि तो टेकू उद्या कोणी काढून घेतला तर आपल्याला शरमेने खाली पाहावे लागू नये.

जय भीम.